दारुडा बाप देऊ नकोस: व्हिलनलाच हिरो करताना

प्रश्न काय आहे ते आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे मधूनच वाचायला घेणाऱ्यांची पंचाईत नको. विचारणारा मुलगा एक डार्क साय-फाय मांगा (म्हणजे जपानी धाटणीचं कॉमिक) करतोय, लिहितोही तोच आणि काढतोही तोच, आणि त्यातला मेन कॅरेक्टरच व्हिलन आहे. 17 वर्षांचा पोरगा, त्याला असा एक फोन सापडलाय की समोरच्याच्या डोक्यातली कुठलीही एक आठवण पुसता येते. पहिल्याच चॅप्टरमध्ये तो सोसायटीच्या वॉचमनच्या डोक्यातून त्याच्या मुलीचं नाव पुसून टाकतो, का तर वॉचमनने गेट उघडायला उशीर केला. तीन चॅप्टर मित्रांना वाचायला दिले तर सगळ्यांचं एकच, "हा आवडत नाही यार, कनेक्ट होत नाही." म्हणून आता त्याला दारुडा बाप आणि मार खाल्लेलं बालपण द्यावं का, आणि 'इनुयाशिकी' या जपानी मांगातला शिशिगामी हिरो (हिरो हे त्याचं नावच) एवढी माणसं मारूनही आपल्याला का धरून ठेवतो, असे दोन प्रश्न आहेत.

वयाने लहान वाटतोयस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. मी गेली बरीच वर्षं कॉमिक्सच्या स्क्रिप्ट लिहितो, दुसऱ्यांच्या तपासतो, आणि पुण्यात रविवारी चारपाच पोरांना घेऊन बसतो. तुझ्यासारखा प्रश्न दर बॅचला एकदा तरी येतोच. आणि दर वेळी मला वाटतं की विचारणारा चुकीच्या ठिकाणी दुरुस्ती करायला निघालाय, नळ गळतोय आणि हा भिंतीला रंग देतोय. तुझे मित्र "आवडत नाही" म्हणाले ना, ते माणूस म्हणून आवडत नाही असं म्हणत नाहीयेत, वाचक आपल्याला काय खटकलं ते क्वचितच नेमकं सांगतो, त्याला फक्त खटकल्याचं कळतं. माझा अंदाज असा की त्यांना उभं राहायला जागाच मिळाली नाही. म्हणजे तुझा पोरगा वॉचमनची आठवण पुसतो तेव्हा वाचकाने कुठे उभं राहून ते बघायचं हे तुझ्या पानावर ठरलेलंच नाहीये.

अर्थात काही गोष्टी तुझ्यावर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. गोष्ट 60 पानांत संपणार आहे का पाच भाग चालणार आहे, छापणार आहेस का मोबाइलवर खाली सरकवत वाचायची आहे, पोरगा शेवटी पकडला जाणार आहे का सुटणार आहे. छोट्या गोष्टीत नुसत्या कुतूहलावर वाचक निभावून नेतो, लांब गोष्टीत नाही. पान उलटायची गंमत मोबाइलवर नाही, तिथे ती दोन चित्रांमधल्या पांढऱ्या जागेतून काढावी लागते. तेव्हा खालचं सगळं डोळे मिटून लावू नकोस.

आता दारुडा बाप. हा प्रयोग मी स्वतः करून तोंडावर पडलोय. एका प्रकाशकासाठी 64 पानांचं कॉमिक लिहिलं होतं, त्यात एक शास्त्रज्ञ शहराच्या पाण्यात काहीतरी मिसळतो आणि लोकांना झोप लागायची बंद होते. पहिला ड्राफ्ट वाचून संपादक म्हणाले की हा फारच कोरडा आहे हो, याला काहीतरी दुःख द्या. दिलं. चार पानांचा फ्लॅशबॅक, बहीण हॉस्पिटलमध्ये, डॉक्टर झोपलेला, बहीण गेली, म्हणून आता कुणालाच झोपू द्यायचं नाही. लिहिताना मला ते काय भारी वाटलं होतं! छापून आल्यावर ओळखीच्यातल्या चारपाच जणांना विचारलं तर प्रत्येक जण म्हणाला "बिच्चारा". झालं, तिथेच गोष्ट मेली, कारण ज्याला बिच्चारा म्हटलं त्याची भीती वाटत नाही आणि पुढच्या 40 पानांत तो जे काय करतो त्याचं उत्तर वाचकाच्या खिशात आधीच पडलेलं असतं. बॅकस्टोरी वाईटच असते असं नाही म्हणत मी. पण ती *कारण* म्हणून आली की ती पावतीसारखी वाटते, एवढं सोसलं म्हणून एवढं करायची परवानगी. आणि ज्याने खरंच दारुडा बाप बघितलाय आणि तरी कुणाच्या वाटेला गेला नाही, तो वाचक तिथेच पुस्तक मिटतो, ते वेगळंच.

लांब कशाला जायचं, आपल्याकडे लखोबा लोखंडे आहे की. अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' 1962 सालचं, पणशीकरांनी ते किती वर्षं केलं ते तुझ्या आजोबांना विचार. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी, नावं बदलून बायकांना फसवणारा, सरळसरळ बदमाश माणूस आणि तोच नाटकाचा नायक. त्याच्या बालपणाची सहानुभूती मागत नाटक चालत नाही. कोर्टात साक्षीदार एकामागून एक समोर येतात आणि हा गृहस्थ शांतपणे म्हणतो की तो मी नव्हेच. प्रेक्षक हसतो, आणि हसताना त्याच्या लक्षात येतं की समोर जिचं वाटोळं झालंय ती बाई उभी आहे. फसवणारा आणि फसलेली दोघं एकाच वेळी स्टेजवर, हे त्यातलं इंजिन आहे. हे मनात ठेव, पुढे लागेल.

आता इनुयाशिकी. (न वाचणाऱ्यांनो, इथून पुढे स्पॉयलर आहेत, शेवटासकट.) हिरोया ओकुची ही मांगा कोदान्शाच्या 'इव्हिनिंग' मासिकात 2014 ते 2017 चालली, 10 खंडांत संपली, 2017 लाच मापा स्टुडिओने 11 भागांचं अ‍ॅनिमे केलं आणि पुढच्या वर्षी जपानमध्येच खऱ्या नटांना घेऊन सिनेमाही आला. गोष्ट अशी की इनुयाशिकी इचिरो हा 58 वर्षांचा नोकरदार, दिसतो मात्र पंचाहत्तरीचा, घरात कुणी विचारत नाही, त्यात कॅन्सर निघालाय आणि ते सांगायलाही कुणी नाही, जवळची म्हणावी अशी एक हानाको नावाची कुत्री. एका रात्री बागेत परग्रहावरचं काहीतरी येऊन आदळतं. त्या वेळी तिथे आणखी एकच जण असतो, शिशिगामी हिरो, शाळकरी पोरगा. (व्हिलनचं नाव हिरो. आपल्या कानाला ही फुकटची गंमत.) दोघांचे देह नष्ट होतात आणि त्या परग्रहवाल्यांनी घाईघाईत बनवलेली यंत्रं त्यांच्या जागी उभी राहतात, बाहेरून माणूस, आतून शस्त्र. म्हातारा एका बेघर माणसाला पोरांच्या टोळक्यापासून वाचवतो आणि त्याला वाटतं, मी अजून जिवंत आहे. पोरगा माणसं मारतो आणि त्यालाही नेमकं तेच वाटतं.

इथे जरा थांब, कारण सगळी मेख या एका ओळीत आहे. दोघांचा प्रश्न एकच आहे, आपण यंत्र झालो, मग आपण अजून आहोत का? उत्तरं उलटी. म्हणजे हिरो सुरुवातीला माणसं मारतो ते सूड म्हणून नाही, पैशासाठी नाही, जग बदलायला तर अजिबात नाही. त्याचे आईबाप वेगळे झालेत, आई कष्ट करून घर चालवते, हे सगळं गोष्टीत आहे, पण ओकु ते पावती म्हणून पुढे करत नाही. आपल्याला त्याची *भूक* कळते, आणि भूक कळायला माणूस आवडावा लागत नाही. म्हाताऱ्याची भूक आपल्याला आधी पटलेली असते, त्यामुळे पोराची ओळखू येते, आणि ओळखू येते म्हणूनच पोटात गोळा येतो.

दुसरी गोष्ट मारण्याची पद्धत. हिरो बोट पिस्तुलासारखं धरतो आणि तोंडाने म्हणतो, "बान". बस. समोरचा माणूस पडतो. आपल्याकडे पोरं गल्लीत खेळताना "ठिश्यांव" करतात ना, अगदी तेच. एरवी मांगात आवाज चित्रात मोठ्या अक्षरात काढलेला असतो, गोळीचा आवाज गोळी करते. इथे आवाज मारणाऱ्याच्या तोंडात आहे. पोरखेळातला शब्द आणि मेलेला माणूस यांच्यामध्ये काहीच नाही, धूर नाही, झटका नाही. त्यात ओकुची पार्श्वचित्रं संगणकावर थ्रीडीने उभी केलेली, फोटोसारखी नेमकी, घरं, जिने, बाथरूमच्या टाइल्स. एका घरात तो शिरतो आणि अंघोळ करणाऱ्या बापलेकाला मारतो, त्या सीनमध्ये मला रक्तापेक्षा ते बाथरूम जास्त आठवतं, कारण ते कुणाच्याही घरातलं असू शकलं असतं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून चहा करायला उठलो होतो आणि गॅस पेटवायचं विसरून नुसता ओट्यापाशी उभा राहिलो, खोटं नाही सांगत.

आणि तिसरी, जी तुझ्या सगळ्यात कामाची. हिरोला काही माणसं आहेत ज्यांना तो हात लावणार नाही. आई. शाळेतला दोस्त आंदो, ज्याला बाकीची पोरं छळतात. नंतर शिओन नावाची मुलगी आणि तिची आजी, ज्या त्याला लपवून ठेवतात. आईला कॅन्सर होतो आणि हा तिला बरं करतो, म्हणजे म्हातारा जे करतो तेच यालाही करता येतं! मग तो खुनी आहे हे बाहेर येतं, आईच्या दाराशी कॅमेरे येतात, लोक इंटरनेटवर तिला नको ते बोलतात आणि ती जीव देते. तेव्हा आपल्याला त्याचं वाईट वाटतं, वाटतंच, आणि त्याच वेळी ते बाथरूमही डोक्यातून गेलेलं नसतं. ओकु एकाने दुसरं पुसू देत नाही. शेवटी पृथ्वीवर आदळायला निघालेल्या अशनीपाशी हिरो स्वतःला उडवून देतो, आंदो आणि शिओन वाचावेत म्हणून, पण तेवढ्याने भागत नाही आणि उरलेलं काम म्हाताऱ्याला करावं लागतं. म्हणजे त्याग केला तरी खातं मिटलं नाही. मला हा शेवट जरा घाईचा वाटतो, लोकांची यावर भांडणं होऊ शकतात, पण हिशेबाच्या बाजूने तो पक्का आहे.

साय-फायचा भाग थोडक्यात, कारण तुझी आयडिया मुळात चांगलीच आहे. यंत्र काय काय करू शकतं यापेक्षा ते पोराच्या वाटेतली कुठली अडचण काढून टाकतं ते बघ. साध्या गुन्हेगाराला पकडले जायची भीती असते, पुरावा असतो, साक्षीदार असतो. तुझ्या फोनने साक्षीदारच संपवला, त्यालाच आठवत नाही. मग आता पोराला थांबवणारं बाहेर काही उरलं नाही, म्हणजे आत काय आहे तेवढंच दिसणार. छान. पण मग नियम घट्ट पाहिजेत. 'डेथ नोट' (ज्या वहीत नाव लिहिलं की माणूस मरतो, तिची मांगा) साय-फाय नाही, पण नियमाच्या बाबतीत तिच्याकडून शिकायला हरकत नाही: नाव लिहिलं आणि कारण लिहिलं नाही तर 40 सेकंदांत हार्ट अ‍ॅटॅक, चेहरा माहीत नसेल तर वहीचा उपयोग शून्य. वाचकाला नियम पाठ असले की तो व्हिलनबरोबर डोकं लावायला लागतो, आता हा यातून कसा सुटेल असं. आणि एकदा डोकं लावलं की तो त्याच्या बाजूला जाऊन बसला, त्याला कळायच्या आत. तुझ्या फोनला सध्या एकच नियम आहे, एका वेळी एक आठवण. त्याची किंमत काय? पुसलेली आठवण जाते कुठे? माझ्या मते ती पोराच्या डोक्यात यायला पाहिजे, पण गोष्ट तुझी आहे.

साक्षीदारावरून आठवलं. ओसामु तेझुका या जपानी मांगाकाराचं नाव घेतलं की लोकांना गोड रोबो आठवतो, पण याच माणसाने 1976 ते 78 मध्ये 'मू' नावाची एक महाभयंकर मांगा केली, इंग्रजीत दोनच अक्षरं आहेत, एम आणि डब्ल्यू. एका बेटावर परदेशी सैन्याने साठवलेला विषारी वायू फुटतो, सगळं बेट मरतं, प्रकरण दाबलं जातं, वाचलेल्या मुलाच्या मेंदूवर परिणाम होतो आणि मोठा झाल्यावर तो बँकेत नोकरी करणारा देखणा, हुशार, सदसद्विवेक नावाची वस्तूच नसलेला माणूस होतो, युकी. हा वायू तेझुकाने हवेतून काढलेला नाही, 1969 मध्ये ओकिनावातल्या अमेरिकन तळावर खरोखर नर्व्ह गॅसची गळती झाली होती आणि तिथे असली शस्त्रं आहेत हे जगाला तेव्हा कळलं. पण तुझ्यासाठी मुद्दा वेगळा. त्याच बेटावरून वाचलेला दुसरा माणूस, गाराई, पाद्री झालाय, आणि युकी त्याच्याकडे येऊन काय काय केलं ते कबूल करतो. त्याला सगळं माहितीये आणि तो कुणाला सांगू शकत नाही. वाचकाची खुर्ची तिथे आहे, त्या पाद्र्याशेजारी. इनुयाशिकीत ती म्हाताऱ्याशेजारी आहे. लखोबाच्या नाटकात कोर्टातल्या बाकावर.

तुझ्या तीन चॅप्टरमध्ये खुर्चीच नाहीये, एवढंच माझं म्हणणं.

आता प्रत्यक्ष पानावर काय करायचं. जपानमध्ये पानाच्या कच्च्या आराखड्याला 'नेम' म्हणतात, पॅनल म्हणजे चौकट कुठे, बलून म्हणजे संवादाचा फुगा कुठे, कोण कुणाकडे बघतोय एवढंच पेन्सिलीने (नेम धरण्याशी त्याचा काही संबंध नाही, पण मला तरी तो जोडूनच आठवतो). पहिल्या चॅप्टरचा नेम काढ, लाल आणि निळी पेन्सिल घे, आणि प्रत्येक पॅनलच्या कोपऱ्यात खूण कर, हे चित्र पोराच्या नजरेतून दिसतंय तर लाल, त्याच्यासमोरच्याच्या नजरेतून तर निळी, आणि कुणाच्याच नाही तर काहीच नाही. बॅचमधली पोरं हे करतात तेव्हा निम्म्याहून जास्त पानं कोरीच राहतात, कॅमेरा आपला छताला टांगलेला. तू वर्णन केलेला वॉचमनचा सीन मला तसाच वाटतोय, लांबून, दोघं उभे, फोनचा फ्लॅश, वॉचमन गोंधळलेला, पोरगा हसतोय. ते हसू तर आधी काढून टाक. जो हसतो तो कार्टूनमधला व्हिलन, त्याला बघणारा वाचक सुरक्षित असतो.

मी तो सीन असा लावला असता. मुलीचं नाव समजा सायली. ती आधी तीनदा येऊ दे, तेही गरज नसताना. वॉचमन फोनवर बोलतोय, "सायलीला दे जरा". त्याच्या केबिनमध्ये डब्यावर पेनने लिहिलंय, सायली. पोरालाच तो एकदा सांगतो, आमची सायली पण बारावीलाच आहे, तुमच्याएवढीच. वाचकाला ते जरा कंटाळवाणं वाटलं तरी चालेल, नाव त्याच्या डोक्यात बसलं पाहिजे. मग गेट, उशीर, फोन. पुसण्याचं चित्र काढूच नकोस. उजव्या पानाच्या अगदी शेवटच्या पॅनलमध्ये (आपण डावीकडून वाचतो म्हणून उजवं, त्यांचं उलट) वॉचमन फोन उचलतोय आणि पलीकडून आवाज, "बाबा, मी बोलतेय". पान उलटलं की वॉचमनचा चेहरा मोठा, पोराच्या नजरेतून, म्हणजे लाल, आणि वर बलून: "हां, बोल..." आणि त्याच्यापुढे नाव असायला पाहिजे तिथे रिकामी जागा. तीन अक्षरं मावतील एवढी. अक्षरं भरणाऱ्याला सांगून ठेव, नाहीतर तो चूक समजून ओढूनताणून मजकूर मधोमध आणेल, माझ्या एका पानाचं असं झालंय.

काय होईल बघ. त्या केबिनपाशी ते नाव आता फक्त दोघांना माहीत आहे: तुझा पोरगा आणि वाचक. वाचकाला ते आठवतंय, त्याला ते ओरडून सांगावंसं वाटतंय, आणि तो पोराच्याच डोळ्यातून बघतोय. त्याला पोरगा आवडणार नाही. पण तो पान उलटेल.

आणि आई, मित्र, आजी जे कोणी, असं एक माणूस त्याला दे ज्याच्यावर तो फोन वापरणार नाही, आणि ते दुसऱ्या चॅप्टरच्या आत दे, बाराव्यात नको. दारुडा बाप घालायचाच असेल तर या जागी घाल, म्हणजे बापाच्या डोक्यातलं काहीच पुसायचं नाही असं पोराने ठरवलंय, बापाने जे केलं ते त्याला कायम आठवत राहिलं पाहिजे म्हणून. ते मला वाचायला आवडेल. पण कारण नको सांगूस, निदान इतक्यात नको.

तिसऱ्या चॅप्टरबद्दल तू काही लिहिलं नाहीस, त्यामुळे त्यावर बोलत नाही. पहिल्याचा नेम लाल-निळा करून झाला की इथेच फोटो टाक, कोऱ्या राहिलेल्या पॅनलसकट, मी बघतो. पुढच्या आठवड्यात माझी एक डेडलाइन आहे, उत्तर उशिरा आलं तर गेट उघडायला उशीर केला म्हणून माझं काही पुसू नकोस म्हणजे झालं.